थोर इंग्लिश घराण्याची वंशावळ एका रात्रीत कशी जुळवावी

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एखाद्या उमराव घराण्याची वंशावळ जुळवण्याची ऊर्मी आपल्याला आली असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. हे काम पूर्वी फार कटकटीचे असे. लॅटिन शिकावे लागे, जुने हस्ताक्षर लावावे लागे आणि क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात तासन्‌तास चर्मपत्रांवर डोळे फोडावे लागत. आता तसे काही उरलेले नाही. अलीकडेच एका परिचित गृहस्थांनी ग्लॉस्टरशरच्या बार्कली घराण्याचा रंगीत तक्ता मला मोठ्या अभिमानाने पाठवला. तो त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर झोप येईपर्यंतच्या वेळात तयार केला होता आणि अकराव्या शतकापासून पुढे त्यात एकही चौकट रिकामी नव्हती. मी काही शंका कळवल्या. त्या शंकांना काय उत्तर मिळाले ते पुढे येईलच. तूर्त त्या तक्त्याच्या अभ्यासातून मला जी कार्यपद्धती उमगली, ती होतकरू संशोधकांच्या सोयीसाठी येथे मांडत आहे.

मूळ पुरुष नेहमी राजघराण्यातलाच निवडावा. बार्कली घराण्याचा खात्रीलायक आरंभ ब्रिस्टलच्या रॉबर्ट फिट्झहार्डिंगपासून होतो, ज्याला दुसऱ्या हेन्रीने बार्कलीची जहागीर दिली. त्याचा बाप हार्डिंग हा एडनॉथ नावाच्या इंग्लिश राजसेवकाचा मुलगा असावा, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. पण राजसेवक म्हटल्यावर तक्त्याला कसली शोभा येणार? सतराव्या शतकात या घराण्याचे कारभारी असलेल्या जॉन स्मिथ यांनी किल्ल्यातले दस्तऐवज चाळून घराण्याचा जो इतिहास लिहिला, त्यावाचून आजही या विषयात कोणाचे पान हलत नाही. मात्र मुळाशी त्यांनीही डेन्मार्कच्या राजाचा मुलगा बसवला होता. आपण त्यांची मेहनत, त्यांनी उतरवून ठेवलेली पत्रे आणि खतांचे तपशील बाजूला ठेवावेत आणि तो राजपुत्र तेवढा उचलावा.

एका नावाची दोन माणसे आढळली, तर ती एकच माणूस समजावीत. या घराण्यात तेराव्या शतकाच्या आरंभापासून 1417 पर्यंत थॉमसमागे मॉरिस आणि मॉरिसमागे थॉमस असा क्रम अखंड चालला आहे, त्यामुळे येथे काटकसरीला भरपूर वाव आहे. ज्याच्या किल्ल्यात 1327 मध्ये पदच्युत राजा दुसरा एडवर्ड मरण पावला, तो थॉमस 1361 मध्ये वारला. लाइल घराण्याची वारस मार्गारेट हिचा विवाह 1367 मध्ये झाला, तो त्याच्या नातवाशी, आणि नातवाचेही नाव थॉमसच होते. आमच्या तक्त्यात आजोबा आणि नातू एकाच चौकटीत नांदत असल्यामुळे नवरदेव मृत्यूनंतर सहा वर्षांनी बोहल्यावर उभा राहिला आहे. कार्याला उशीर झाला असेल, पण कार्य झाले हे महत्त्वाचे.

जुन्या कागदावरची तारीख जशी दिसेल तशी उतरवावी. त्या काळी इंग्लंडमध्ये वर्ष 25 मार्चला पालटत असे, म्हणून त्यांच्या लेखी 20 मार्च 1469 हा दिवस आपल्या हिशेबाने 1470 मधला ठरतो, असल्या किरकिरीत पडू नये. त्या दिवशी या घराण्याच्या वारसाहक्काच्या भांडणातून निबली ग्रीनची लढाई झाली, तिची हकीकत पुढे येईल; आमच्या तक्त्यात ती दोन्ही वर्षी झालेली असून तिच्यात पडलेला उमराव व्हायकाउंट लाइल दोन्ही वेळा मारला गेला आहे.

जमीनदार वारल्यावर त्याच्या जमिनी आणि वारस ठरवण्यासाठी होणाऱ्या सरकारी मृत्युचौकशीत वारसाचे वय '30 आणि अधिक' असे नोंदलेले असेल, तर बरोबर 30 वजा करून त्याचे जन्मवर्ष ठळक अक्षरांत लिहावे.

कुलचिन्ह आडनावावरून शोधावे आणि लगेच चहाच्या मगावर छापून घ्यावे.

आता मुख्य सूत्राकडे येऊ. मॅनर ज्याच्या हातून ज्याच्या हाती गेला, ते दोघे बाप आणि मुलगा समजावेत. मॅनर म्हणजे नुसता वाडा नव्हे. उमरावाची स्वतःची शेती, त्याला खंड आणि सेवा देणारी कुळे आणि त्यांचे तंटे तोडणारे त्याचे न्यायालय असा तो सगळा कारभार असे. बार्कलीचा किल्ला आणि भोवतीचे मॅनर आधी थॉमसकडे होते आणि पुढे जेम्सकडे गेले, तेव्हा आमच्या तक्त्यात जेम्स हा थॉमसचा मुलगा झाला. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढले एवढ्यावरून चढलेला माणूस आधीच्याचा मुलगाच असला पाहिजे, असे गावातले शेंबडे पोरही म्हणणार नाही. पण इंग्लंडचा उमराव म्हटला की आपली सगळी अक्कल कुठे गहाण पडते, कोण जाणे.

जेम्स हा थॉमसचा पुतण्या होता. धाकट्या भावाचा मुलगा, आणि त्या भावाचेही नाव जेम्सच होते. 1417 च्या जुलैमध्ये वारलेल्या थॉमसच्या मागे एकच अपत्य होते, मुलगी एलिझाबेथ, वॉरिकचा अर्ल रिचर्ड बीचम याची पत्नी. नियमाने मुलगा नसेल तर सगळे मुलीकडे जायचे आणि अनेक मुली असतील तर त्यांच्यात सारखी वाटणी व्हायची. मात्र थॉमसच्या आजोबांनी, म्हणजे त्या आधीच्या थॉमसने, किल्ला आणि त्याभोवतीचे मॅनर फक्त पुरुष वंशजांकडे जावेत अशी तजवीज करून ठेवली होती. ती तजवीज सगळ्या मालमत्तेला लागू नव्हती आणि एलिझाबेथच्या आईकडून आलेल्या लाइल घराण्याच्या जमिनींचा तर त्या तजविजीशी काहीच संबंध नव्हता. म्हणजे एकाच माणसाच्या मृत्यूनंतर काही मॅनर मुलीचे आणि काही पुतण्याचे, आणि अधले-मधले कोणाचे, हा वादाचा विषय. मृत्युचौकशीत पंचांना विचारले जाई ते हेच : कोणती जमीन, कोणाकडून धारण केलेली, कोणत्या सेवेच्या बदल्यात, आणि वारस कोण. तिथे एका मृताचे दोन वारस नोंदलेले सापडतात, एक रक्ताने आणि एक तजविजीने. प्रत्येक मॅनरचा वारसा वेगळा तपासावा लागतो तो याचसाठी.

एलिझाबेथ आणि तिच्या नवऱ्याने किल्ला आणि त्यातले दस्तऐवज ताब्यात घेतले, आणि तिथून जे भांडण पेटले ते 1609 मध्ये मिटले. त्या भांडणात एलिझाबेथची थोरली मुलगी मार्गारेट, म्हणजे श्रूजबरीच्या अर्लची पत्नी, पुढे सरसावली. दुसऱ्या बाजूने जेम्सची पत्नी इझाबेल मोब्रे नवऱ्याचा दावा लढवायला लंडनला जाऊन राहिली. तिथून तिने नवऱ्याला लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. माझ्यावाचून कोणतीही तडजोड करू नका, असे ती त्यात बजावते आणि पैसे पाठवले नाहीत तर घोडा गहाण टाकून पायी घरी यावे लागेल, असेही कळवते. 1452 मध्ये विरुद्ध पक्षाने कैदेत टाकलेली असताना ती ग्लॉस्टरमध्ये मरण पावली. या बाईच्या चौकटीत आमच्या तक्त्यात लिहिले आहे : 'पत्नी, नाव अज्ञात'.

तिचा मुलगा विल्यम आणि एलिझाबेथचा विशीतला पणतू थॉमस टॅलबट, व्हायकाउंट लाइल, हे अखेर निबली ग्रीनवर समोरासमोर आले. लाइलने आव्हानाचे पत्र धाडले, विल्यमने उद्या सकाळी आठ-नऊच्या सुमारास ये म्हणून उलट निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी लाइल बाणाने मेला. दोन उमरावांनी आपापली खासगी फौज घेऊन इंग्लंडच्या भूमीवर केलेली ही शेवटची लढाई मानली जाते. जेम्स जर थॉमसचा मुलगा असता, तर ही माणसे कशासाठी मेली? सरळ बापाकडून मुलाकडे गेलेल्या किल्ल्यासाठी कोणी जवळजवळ दोन शतके कोर्टकज्जे करील काय?

बरे, सूत्र लावायचेच तर शेवटपर्यंत लावा. याच विल्यमने राजाकडून मार्क्विसची पदवी मिळवली आणि किल्ला व मॅनर सातव्या हेन्रीला आणि त्याच्या पुरुष वंशजांना लिहून दिले. सख्खा भाऊ मॉरिस याने ब्रिस्टलमधल्या साध्या घरातली मुलगी केली, हा त्याचा विल्यमच्या लेखी गुन्हा होता. 1492 मध्ये विल्यम वारला आणि किल्ला राजाकडे गेला. तेव्हा सातवा हेन्री हा विल्यमचा मुलगा ठरतो. 1553 मध्ये सहावा एडवर्ड वारला, हेन्रीचा पुरुष वंश संपला आणि किल्ला मॉरिसच्या वंशातल्या हेन्री बार्कलीकडे परत आला. तेव्हा पंधराव्या वर्षी वारलेल्या राजाला त्याच्याहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठा मुलगा होता, असेही ठरते. तक्त्यात ही दोन नाती राहून गेली आहेत. पुढच्या आवृत्तीत ती भरून काढावीत.

हे सगळे मी त्या गृहस्थांना सभ्य भाषेत कळवले. त्यावर त्यांचे उत्तर आले की, संकेतस्थळावरच्या इतर शेकडो वंशावळींत जेम्स थॉमसचाच मुलगा आहे, तेव्हा इतके लोक चुकतील कसे?

इतके लोक चुकलेले नाहीत हो. चुकला तो एकच माणूस, आणि बाकीच्यांनी बटण दाबून त्याची चूक आपल्या घरी नेली आहे. शेकडो प्रती म्हणजे शेकडो साक्षी नव्हेत. त्यातल्या एकानेही मृत्युचौकशीची एक ओळ उघडून पाहिलेली नाही, आणि हे मला त्यांच्या तळटिपांवरून दिसते, कारण तळटिपांत एकमेकांच्या वंशावळींशिवाय दुसरे काही नाही. या चौकशांचे इंग्रजी सारांश छापून झालेले आहेत, त्यातले पुष्कळसे घरबसल्या फुकट वाचता येतात, त्यांना लॅटिनही लागत नाही आणि क्यूचे तिकीटही लागत नाही. अर्धा तास वाचायचा कंटाळा येतो, एवढेच खरे कारण आहे, आणि त्या कंटाळ्याला 'छंद' असे गोंडस नाव देऊन तुम्ही एका बाईला नाहीशी करता, दुसरीला 'अज्ञात' म्हणता आणि वर शंका विचारणाऱ्यालाच हटवादी ठरवता. छंद असेल तर नीट करा, नाहीतर दुसरा धरा. निदान लोकांचे आईबाप बदलू नका. एलिझाबेथला तिच्या जागी परत लिहा, इझाबेलचे नाव भरा, जेम्सला त्याच्या खऱ्या बापाखाली ठेवा, आणि ते होईपर्यंत मला दुसरा तक्ता पाठवू नका.