परक्या तेलावाचून जगायचे बेळगावी उपाय

देशाचं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, हे वाचून तुमचं रक्त सळसळतं ना? मग हे उपाय कराच.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटला थांबलात की इंजिन चालूच ठेवा. गेट उघडल्यावर स्टार्टर मारायचे कष्ट वाचतात.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरा, पण मायलेज मोजू नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं ताकद कमी, हे विसरा. आपल्याच अथणी-चिकोडीचा ऊस टाकीत खळखळतोय म्हणा. धोरण तर काय पक्कं! डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाचं इथेनॉल थांबवा, ऑगस्ट २०२४ मध्ये परत करा. ऊस मात्र लावून वर्षभर रानात उभा असतो, त्याला हुकूम कोण वाचून दाखवणार?

आता खरा उपाय. गच्चीवर सोलर बसवा. पेट्रोल सोडायचं म्हणून मी विजेवरची स्कूटर घेतली, महिन्याची युनिटं दोनशेच्या वर गेली, कर्नाटक सरकारची फुकट वीज हुकली. म्हटलं सूर्यघर योजना आहे, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. गणपतीच्या आधी वडगावच्या गच्चीवर सहा पॅनेल चढली. त्यांच्यावर धूळ आहे आणि कबुतरं आहेत. वीज नाही. कारण नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, नाही! वीज कंपनीकडे अर्ज ऑनलाइन केला, तर कागद घेऊन या. नेले, तर कन्नडमधून लिहून आणा. आणले, तर साहेब साइटवर. साहेब सापडले, तर मीटर टेस्टिंगला. आणि दर वेळी तेच, 'नाळे बन्नी', उद्या या. नव्वदच्या दशकात इकडे लोक भुताला परतवायला दारावर 'नाळे बा' लिहायचे. भूत उद्या येतो म्हणून जायचं. मी अकरा वेळा गेलोय. जुन्या मीटरवरच जोडू का विचारलं, तर इलेक्ट्रिशियननं हात जोडले: बाहेर दिलेली वीजही तो मीटर तुमच्याच नावावर चढवेल, काका. अनुदान मीटर लागल्यावर. बँकेचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून. बायकोची सांडग्यांची जागा गेली ती वेगळीच, आता ती पॅनेलच्या पायांना दोरी बांधून कपडे वाळवते. आणि माझी स्कूटर? ती धावते कुडगी-रायचूरच्या वीज केंद्रांत जळणाऱ्या कोळशावर.

मीटर लागला, तरी लाईट गेल्यावर पंखा फिरेल असं समजू नका. बॅटरी नसेल तर सोलरही झोपतं.

अजून दोन उपाय लिहिणार होतो, पण डोकं फिरलंय. अहो वीज कंपनीवाले, दिल्लीनं योजना काढली, बँकेनं कर्ज दिलं, मी गच्ची दिली. तुम्हाला फक्त एक डबा काढून दुसरा लावायचाय! अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी माणसाला अकरा हेलपाटे घालायला लावता आणि भिंतीवर 'वीज वाचवा'चं पोस्टर चिकटवता? लाज कशी वाटत नाही? खुर्ची सोडा, जिना चढा. मी घरी नसलो तर गच्चीची किल्ली शेजारच्या मावशींकडे आहे.