पेवाच्या कडेची ज्वारी

यंदा परतीच्या पावसात सापडून आमच्याकडची खरिपाची ज्वारी काळी पडली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी लिहिलं, "काळी पडली म्हणून काय झालं? धुवायची, वाळवायची, दळायची. पिढ्यान् पिढ्या हेच खाल्लं, कुणाला काही झालं नाही. बुरशीचं भूत युरोपवाल्यांनी आपला माल पाडायला उभं केलंय." खाली तेवीस अंगठे.

मी जर्मनीत ओल्डेनबुर्गला राहते. आठवडा झाला, ते तेवीस अंगठे काही डोक्यातून जात नाहीत.

२०१३ च्या मार्चमध्ये इथे नीडरसाक्सन राज्यात गाईंच्या खाद्यात सर्बियाहून आलेला मका निघाला, त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष होतं. गाईनं ते खाल्लं की दुधात उतरतं. तपासणी होईपर्यंत कित्येक गोठ्यांचं दूध थांबवलं. तेव्हा माणूस एकही आजारी नव्हता. इथे धान्यात या विषाची मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम, आपल्याकडे १५. मर्यादा आपल्याकडेही आहे, काका. युरोपचे लाड म्हणायचे, तर मग आपल्या सरकारनं ती कशासाठी घातली?

आणि "कुणाला काही झालं नाही" हे तर साफ खोटं आहे. १९७४ च्या अखेरीस गुजरातेतल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात मका भिजला. भिल्लांच्या घरात दुसरं धान्य नव्हतं, तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं गेली. त्यांच्या उष्ट्यावर जगणारी कुत्रीही तशीच मेली. ज्वारीचं म्हणाल, तर १९९५ मध्ये कर्नाटक-आंध्रातल्या गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. त्यात फ्युमोनिसिन नावाचं दुसरं बुरशीविष सापडलं.

धुतल्यानं वरचा बुरा जातो, दाण्यात मुरलेलं विष जात नाही. तव्यावरच्या आचेनं अफ्लाटॉक्सिन मोडत नाही. रोज थोडं थोडं पोटात गेलं की वर्षांनी यकृताचा कर्करोग होऊ शकतो, आणि हेपटायटिस बी असलेल्याला तो धोका कितीतरी पट जास्त.

आजीला यातलं काहीच माहीत नव्हतं, पण पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, घालण्याआधी ती ज्वारीचा दाणा दाताखाली धरायची. कट्कन वाजला तरच आत, नाहीतर अजून दोन उन्हं. आपलं शहाणपण ते होतं. धुवून दळा हे नव्हे.

पेव उघडायचा दिवस मला लख्ख आठवतो. आधी कंदील आत सोडायचे, विझला तर थांबायचे. मग माणूस उतरायचा. मधली ज्वारी मोत्यासारखी, आंबूस वासाची, ती आमच्या घरात. कडेची, भिंतीला लागून गोळे झालेली, काळपट, ती वेगळी काढायची. ती रोजानं येणाऱ्या बायकांना पायलीनं मापून मजुरीत दिली जायची. माप मी धरलेलं आहे. मी दहा वर्षांची असेन. एका मावशीनं ओंजळभर नाकाशी नेली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पदरात बांधली.

आम्हाला काही झालं नाही, कारण आम्ही मधली खाल्ली. कडेची खाणारी माणसं कशानं आजारी पडली, कशानं गेली, हे आमच्या वाड्यात कुणी विचारलं नाही. मीही नाही. इथे प्रत्येक पिठाच्या पाकिटामागे कुणीतरी तपासणारं आहे या भरवशावर मी निर्धास्त जेवते आणि तिथल्यांना शिकवायला जाते, हे मला टोचतं. पण म्हणून गप्प बसायचं का?

ग्रुपवर न लिहिता रविवारी काकांना फोन केला. मावशी त्यांना आठवत होती. म्हणाले, "तिची सून येते की आपल्या रानात. यंदाची दोन पोती काळी तिलाच दिली. फुकट."

"काका, ती परत आणा. घरातली पांढरी द्या. पैसे मी पाठवते."

"तुझं बरंय बाई, तिथनं पैसे पाठवायचं."

खरं आहे त्यांचं, मला ते सोपं आहे. तरी ती दोन पोती परत यायला हवीत. बुधवारी पुन्हा फोन करणार आहे.