टेक्सासला फुटून निघायचा हक्क आहे? करारात तसं काहीच नाही

‘टेक्सासने अमेरिकेत सामील होतानाच वेगळं व्हायचा हक्क लिहून घेतला होता,’ हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. तो खोटा आहे. १८४५च्या विलीनीकरणाच्या ठरावात एवढंच होतं, की टेक्सासच्या संमतीने त्याच्या प्रदेशातून आणखी चारपर्यंत नवी राज्यं काढता येतील. संघातून बाहेर पडण्याबद्दल त्यात अक्षरही नाही.

‘१८६१ची फूट केवळ राज्याच्या अधिकारांसाठी होती,’ हे त्याच मजकुरातलं दुसरं वाक्य मला जास्त खटकतं. १ फेब्रुवारीला टेक्सासच्या अधिवेशनाने १६६ विरुद्ध ८ मतांनी फुटीचा ठराव केला आणि लगेच कारणांचं जाहीरनामापत्र काढलं. त्यात गुलामगिरी कायम राखण्याचा हेतू उघड लिहिलेला आहे. गव्हर्नर सॅम ह्यूस्टन यांनी कॉन्फेडरसीच्या, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या संघाच्या, निष्ठेची शपथ नाकारली, म्हणून त्यांना पदावरून काढलं. मेक्सिकोविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध जिंकून देणारा सेनापती होता हा!

फुटीतून पेटलेल्या अमेरिकी यादवी युद्धानंतर सरकारी रोख्यांचा एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १८६९च्या त्या निकालात, ‘टेक्सास विरुद्ध व्हाइट’मध्ये, फुटीचा ठराव मुळातच शून्यवत ठरला, क्रांती किंवा इतर राज्यांची संमती, याखेरीज बाहेर पडायला वाट नाही, असं न्यायालयाने म्हटलं. टेक्सासच्या आजही लागू असलेल्या १८७६च्या संविधानाचं पहिलंच कलम राज्याला ‘स्वतंत्र’ म्हणतं खरं, पण अमेरिकेच्या संविधानाच्या अधीन राहूनच. फिरणाऱ्या मजकुरात ही शेवटची अट गाळलेली आहे.