कूलरचा वेग वाढवायला ॲप कशाला?

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, कूलरचा वेग वाढवण्यासाठी आधी मोबाइल शोधा, ॲप उघडा, पुन्हा लॉगिन करा आणि वायफाय जोडले जाण्याची वाट पाहा, हा छळ कोणाच्या सोयीसाठी आहे? साध्या पत्र्याच्या कूलरला एक रेग्युलेटर आणि खसच्या ताट्या पुरतात, आणि बिघडलाच तर कोपऱ्यावरचा मिस्त्री पंप बदलून देतो. माझ्या वृद्ध आईला स्वतःच्याच खोलीतला वारा कमी-जास्त करण्यासाठी नातवाला हाक मारावी लागते, याचा मला मनस्वी संताप येतो. युरोपात मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून वायपर, हॉर्न, इंडिकेटर यांसाठी खरीखुरी बटणे असण्याला महत्त्व दिले, ते उगाच नव्हे. आमचे रेग्युलेटर आम्हाला परत द्या.