अर्धवट

काल फिजिओथेरपीच्या खोलीत मला अर्धा पेढा मिळाला. फिजिओथेरपिस्ट मुलीला, शेजारच्या दोन रुग्णांना, त्यांच्या नातेवाइकांना, लादी पुसणाऱ्या मावशींना आणि पंखा दुरुस्त करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनलाही अख्खा पेढा मिळाला. अर्ध्याचा मानकरी मी एकटाच. या गोष्टीला चोवीस तास उलटले असले, तरी ती माझ्या मनातून अजून उतरलेली नाही, हे आधीच कबूल करतो.

पूर्वपीठिका थोडक्यात आटोपतो. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सोसायटीच्या टर्फवर दुसरी धाव घेण्यासाठी वळलो, पाऊल तिथेच रुतून राहिले, उरलेला मी वळलो आणि गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाला. वर धावबादही झालो. एमआरआयच्या अहवालात ‘एसीएल, पार्शल टेअर’ निघाले. म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना आतून धरून ठेवणारी जी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरची दोरी (लिगामेंट) असते, तिच्या दोन पदरांपैकी एक तुटला होता.

गुडघ्याने छळले त्याहून अधिक मला या ‘पार्शल’ने छळले आहे. पूर्ण तुटलेल्या माणसाला समाज फळे आणून देतो. अर्धवट तुटलेल्याला सल्ले देतो. हळद-तेल चोळा, वज्रासनात बसा (गुडघा नव्वद अंशांतही वाकत नसताना!), आमच्या मेहुण्याचे तर पूर्ण तुटले होते, तरी तो वारीला गेला. तीन महिने व्यायाम आणि पट्टा करूनही जिना उतरताना गुडघा निसटायचा थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. त्यावर विमा कंपनीने विचारले, की लिगामेंट अर्धवटच तुटले असेल, तर शस्त्रक्रियेची गरज काय? तीन महिन्यांची कागदपत्रे त्यांच्याकडे आधीच पाठवलेली होती. ती पुन्हा पाठवली. शस्त्रक्रियेनंतर घरी जायच्या दिवशी अंतिम मंजुरी यायला संध्याकाळचे सात वाजले आणि डिस्चार्ज सकाळी मिळूनही मी तोवर पाय लांब करून रुग्णालयाच्या बाकावर बसून राहिलो. यात विनोद कुठे आहे, हे मला अद्याप सापडलेले नाही.

शस्त्रक्रियेत धड असलेला पदर तसाच ठेवून, माझ्याच मांडीच्या मागचा एक कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) काढून तुटलेल्या पदराच्या जागी बसवण्यात आला. पाठीत इंजेक्शन दिल्यामुळे कमरेखालचा मुलूख माझ्या ताब्यात नव्हता, कान मात्र शाबूत होते; हाडात भोक पाडणाऱ्या ड्रिलचा आवाज ऐकताना मला घरी बसवायच्या राहिलेल्या पडद्याच्या दांडीची आठवण झाली.

आता सहा आठवड्यांनी मी वेदनेच्या ज्या दरबारात रोज हजर होतो, तेथे शेजारच्या पलंगावर एक आजी असतात. वय बहात्तर, दोन्ही गुडघे बदललेले, शस्त्रक्रियेला चार आठवडे झालेले. गुडघा किती वाकतो, हे मोजायला त्या मुलीकडे प्लास्टिकचा एक कोनमापक असतो, आणि माझा आकडा जाहीर होताच आजी पडद्याआडून मान बाहेर काढतात.

“किती रे झाले?”

“पंच्याऐंशी.”

“एवढेच? पंच्याऐंशी तर मला घरी सोडलं तेव्हाच होते.”

“आजी, तुमचे गुडघे बदललेत. माझं लिगामेंटचं आहे, ते वेगळं असतं.”

“म्हणजे नवीन काही बसवलंच नाही? नुसती डागडुजी?”

“माझ्याच मांडीतला कंडरा काढून बसवलाय.”

“अगंबाई, घरचंच होय! माझं सगळं बाहेरून आणलेलं, धातूचं. आणि तुझं तुटलं होतं किती?”

“अर्धवट.”

आजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग सुनेकडे वळून, खोलीभर ऐकू जाईल अशा प्रेमळ आवाजात त्या म्हणाल्या, “अगं, हा अर्धवट आहे.” सुनेने मान खाली घातली. इलेक्ट्रिशियनने शिडीवरून वाकून पाहिले. मी पालथा पडून होतो आणि माझी टाच कुल्ल्याकडे दाबली जात होती. अशा अवस्थेत माणसाला बाणेदार उत्तर सुचत नाही.

खरे तर त्यांना सांगण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ होते. बसवलेला कंडरा लगेच लिगामेंट होत नाही. शरीर त्याला कित्येक महिने घडवत राहते, मधल्या काळात तो उलट कमकुवत होतो, आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबल्यामुळे माणसाला आपण बरे झालो असे वाटू लागते. म्हणून निदान नऊ महिने क्रिकेट बंद. दरम्यान मांडी इतकी वाळली आहे, की दोन्ही पाय एकाच माणसाचे वाटत नाहीत. पण हे सारे मी उशीत तोंड खुपसून म्हणालो.

काल आजींचा गुडघा ११० अंशांवर गेला. पेढे त्याचेच होते. डबा माझ्यासमोर आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने एक पेढा मधोमध मोडला, एक भाग माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, “पूर्ण वाकव, मग पूर्ण देईन.”

“काका, रिलॅक्स,” असे म्हणत त्या मुलीने कोनमापक लावला. ८८ निघाले. तीन अंश निव्वळ संतापाचे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पेढ्याचा राहिलेला अर्धा भाग इलेक्ट्रिशियनला मिळाला. म्हणजे त्याचे दीड झाले, आणि पंखा अजून बंदच आहे.