‘फुकट सोलर’चा मेसेज: खरं किती, थाप किती

“सरकार प्रत्येक घरावर फुकट सोलर बसवून देतंय. महिना ३०० युनिट मोफत, बिल शून्य, उरलेल्या विजेचे पैसे खात्यात, लाइट गेली तरी घरात उजेड. आजच लिंकवर नोंदणी शुल्क भरा.” हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. त्यामागची योजना खरी आहे: फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली पंतप्रधान सूर्यघर योजना, लक्ष्य १ कोटी घरांचं. पण मेसेजमधले दावे एकेक करून तपासले तर फार थोडं उरतं.

“फुकट बसवून देतात.” नाही, अनुदान देतात. १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, ३ ला ७८,०००. पुढे ५ किलोवॉट बसवा की ८, आकडा ७८,००० वरच थांबतो. योजना ठरवताना सरकारनं ३ किलोवॉटची किंमत १,४५,००० धरली होती. म्हणजे त्या हिशोबानंही ६७,००० खिशातलेच. गच्चीवर कपडे वाळत घालायला जागा राहावी म्हणून उंच स्ट्रक्चर घेतलं की कोटेशन आणखी चढतं. शिवाय अनुदान येतं ते यंत्रणा चालू झाल्यावर, तुमच्या बँक खात्यात. तोवर पैसे आपणच उभे करायचे. त्यासाठी बँका कमी व्याजाचं कर्ज देतात, ही चांगली सोय आहे. फुकटाच्या सगळ्यात जवळ जाणारा गट म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या ‘स्मार्ट’ योजनेतली दारिद्र्यरेषेखालची घरं. त्यांना १ किलोवॉटसाठी साधारण २,५०० रुपयेच भरावे लागतात. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही!

एक मेख इथंच. कोणी फारच स्वस्त कोटेशन दिलं तर पॅनल ‘डीसीआर’ म्हणजे देशी बनावटीचे आहेत का, ते विचारा. पॅनलमधले सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले नसतील तर अनुदान मिळत नाही.

“३०० युनिट मोफत.” कोणी युनिट वाटत नाही, ते तुमच्या छतावर तयार होतात. १ किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. ३ किलोवॉटचे महिन्याला ३०० हून जास्त होतात, १ किलोवॉटचे १२० च्या आसपास. आणि कोकणातल्या जुलैत हा हिशोब बाजूलाच ठेवावा.

“बिल शून्य.” वीज एक युनिटही ओढली नाही तरी स्थिर आकार लागतोच.

“उरलेल्या विजेचे पैसे.” नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर. त्यात जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात. ३१ मार्चला जे उरतात तेवढ्यांचेच पैसे मिळतात, तेही आपण वीज घेतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दरानं. कमाईच्या आशेनं गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवणं तोट्याचं. खरी बचत १०० युनिटांच्या पुढच्या महाग टप्प्यातले युनिट कमी होण्यात आहे. ज्यांचा वापर मुळात ६०-७० युनिट आहे त्यांनी घाई करू नये.

“लाइट गेली तरी उजेड.” हा दावा सगळ्यात जास्त लोकांना फसवतो. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, सोलर इन्व्हर्टर पुरवठा गेला की भर उन्हातही आपोआप बंद पडतो. कारण खांबावर काम करणारा वायरमन लाइन बंद समजून तारेला हात लावतो. तेव्हा तुमच्या छतावरची वीज त्या तारेत उलटी जाता कामा नये. भारनियमनातही दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि त्या खर्चासाठी अनुदान वाढत नाही.

“प्रत्येक घरावर.” फ्लॅटवाल्यांचं काय? गच्ची सोसायटीची. सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० मिळतात. त्यासाठी ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावा लागतो.

राहिली ती लिंक. योजनेच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायला पैसे पडत नाहीत. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी मिळते, त्यामुळे “मंजुरी काढून देतो” म्हणून पैसे मागणाऱ्यालाही काही देऊ नका.