‘तीन दिवस दूधच येत नाही’? मग चमच्यात ते पिवळं काय होतं?

‘बाळंतिणीला पहिले तीन दिवस दूध येत नाही. तोवर वरचं दूध द्या, मधूनमधून पाणी पाजा. रडतंय म्हणजे उपाशी आहे, वजन उतरलं म्हणजे पुरत नाहीये.’ मुलगी एक दिवसाची असताना हा मेसेज मला तिघांनी पाठवला. तेव्हा उत्तर द्यायलाही त्राण नव्हतं. आता देतो.

दूध येत नाही, हे मुळातच खोटं. सुरुवातीला येतो तो चीक, आणि तो गरोदरपणातच तयार व्हायला लागलेला असतो. नर्सने बायकोला तो हाताने चमच्यात काढायला लावला. घट्ट, पिवळाधमक, चमच्याचा तळही धड झाकेना. माझा चेहरा पडला. पण पहिल्या दिवशी बाळ एका वेळी पितं तेच मुळी काही मिलिलिटर, आणि तेवढ्यात रोगांशी लढणारी प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात. बाळंतपणात वार (नाळेचं मूळ) पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दूध भरून येतं. पुढे ते टिकतं बाळाच्या ओढण्यावर. गरज नसताना वरचं पाजून पोट भरलं की बाळ ओढत नाही, ओढलं नाही की दूध कमी. मग काय, मेसेज आपोआप खरा ठरतो!

पाणी? अजिबात नको. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. वरून पाजलेलं पाणी दुधाची जागा अडवतं, आणि जास्त झालं तर रक्तातलं सोडियम घसरतं. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात पाणीही वर्ज्य.

रडण्याचं म्हणाल तर भुकेलं बाळ आधी तोंड वासतं, मान वळवून शोधतं, मुठी चोखतं. रडतं सगळ्यात शेवटी. आणि दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पिणं हे नेहमीचंच. आमची दुसरी रात्र तर अखंड पाजण्यातच गेली.

वजन सगळ्याच बाळांचं थोडं उतरतं. आमची ३ किलोची २ किलो ८०० झाली. ७ टक्क्यांपर्यंतची घट सहसा चिंतेची नसते, आणि बहुतेक बाळं दोन आठवड्यांत ती भरून काढतात. घट १० टक्क्यांकडे गेली, कावीळ वाढली, रक्तातली साखर उतरली, तर डॉक्टर वरचं दूध सुचवतात, आणि तेव्हा ते बिनदिक्कत द्यावं. बाळ सुस्त पडलं, प्यायला उठेना किंवा अंग तापलं, तर मात्र सकाळची वाट बघू नका.

पुरतंय की नाही हे लंगोट सांगतात. पहिल्या दिवशी एखादी शू, पाचव्या दिवसानंतर रोज किमान ६; शी काळ्याची हिरवट, मग पिवळी. मी वहीच घातली होती. परवा ती बायकोच्या हाती लागली. ‘पाचवा दिवस, पहाटे ३.४०, पिवळी!!’

“दोन उद्गारचिन्हं?” तिने विचारलं.